डॉक्टर, एवढं एक विचारा

प्रति,
खडवली, टिटवाळा, वासिंदपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतचे सर्व फॅमिली डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ आणि छातीचे डॉक्टर यांस,



आमच्या घरातलं कुणी ना कुणी वर्षभर तुमच्यासमोर बसलेलं असतं. तुम्ही खूप प्रश्न विचारता आणि ते विचारायलाच हवेत. भूक लागते का, झोप लागते का, जिना चढताना धाप लागते का, घरात कुणाला शुगर आहे का. पण लग्न होऊन खडवलीला आल्यापासून मी ज्या प्रश्नाची वाट बघते आहे, तो तुमच्यापैकी कुणी अजून विचारलेला नाही. घरात बिडी-सिगारेट कोण ओढतं, आणि कुठे बसून ओढतं? त्या एका प्रश्नासाठी हे पत्र लिहिते आहे.

आमच्याकडे माझे सासरे बिडी ओढतात. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. कारखान्यात रात्रपाळीला डोळा लागू नये म्हणून लागलेली बिडी निवृत्तीनंतरही सुटली नाही. माणूस म्हणून त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. नातवाला शाळेत सोडणं-आणणं, रेशन, गॅसचा नंबर लावणं, लाइटबिल, सगळं तेच बघतात. माझा नवरा पहाटेची कसारा-सीएसएमटी लोकल पकडून जातो तो रात्री येतो. अण्णा नसते तर मला घराबाहेर पडून चार पैसे कमावता आले नसते. एवढ्या चांगल्या माणसाच्या सवयीबद्दल तोंड उघडणं किती अवघड असतं, ते तुम्हाला कळावं म्हणून हे लिहिलं.

घर दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही आणि अण्णांचे गुडघे दुखतात. त्यामुळे बिडी पुढच्या खोलीतल्या कॉटवर बसूनच ओढली जाते. तीच खोली मुलाच्या अभ्यासाची, सासूबाईंच्या झोपण्याची आणि आमच्या जेवणाची. उन्हाळ्यात खिडक्या तरी उघड्या असतात. एकदा भातसा नदीच्या काठचा पाऊस सुरू झाला की जून ते सप्टेंबर खिडक्या बंद, आत दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले, भिंतींना ओल. धुराला बाहेर जायला वाटच राहत नाही. तो ओल्या कपड्यांत मुरतो, उशीच्या अभ्र्यात मुरतो, मुलाच्या गणवेशात मुरतो. मुंबईचे लोक पावसाळ्यात आमच्याकडे नदीवर मोकळी हवा खायला येतात. त्याच दिवसांत आमच्या घरातली हवा वर्षातली सगळ्यात वाईट असते.

आता पहिली तक्रार. मुलाची छाती दर पावसाळ्यात वाजू लागते. त्याला दाखवलं तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी बारकाईने चौकशी केली. घरात कुत्रं-मांजर आहे का, जवळपास वीटभट्टी आहे का, डासांची कॉइल लावता का, देवापुढे धूप जाळता का, गादी कापसाची आहे का. आपल्या भागात वीटभट्ट्या आहेत, तेव्हा तो प्रश्न योग्यच होता. मी कॉइल बंद केली, धूप बंद केला, गाद्यांना खोळी घातल्या. या सगळ्या चौकशीत आजोबा शेजारच्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात बिडीचा बंडल दिसत होता. त्याबद्दल एक शब्द निघाला नाही. घरी येऊन अण्णांनी स्वतः कॉइलचं पाकीट कचऱ्यात टाकलं आणि कॉटवर बसून बिडी पेटवली. कॉइल वाईट असं डॉक्टर म्हणाले होते. बिडीबद्दल ते काहीच म्हणाले नव्हते. अण्णांच्या दृष्टीने हिशेब बरोबर होता.

दुसरी तक्रार सासूबाईंबद्दल. त्यांनी जन्मात बिडीला हात लावलेला नाही, पण त्यांना दम लागतो, रात्री उठून बसावं लागतं. तपासताना त्यांना विचारलं गेलं, चुलीवर स्वयंपाक करायचात का? त्या हो म्हणाल्या. मुरबाडकडच्या माहेरी आणि इथेही सुरुवातीला चूलच होती. केसपेपरवर चुलीचा धूर लिहिला गेला आणि चौकशी तिथे संपली. चूल जाऊन गॅस येऊनही जमाना झाला. ज्या धुराशेजारी त्यांचा सगळा संसार झाला आणि आजही होतो आहे, त्याची नोंद कागदावर नाही. त्यांचा दम बिडीमुळेच आहे असं मी म्हणत नाही, तेवढं मला कळत नाही. पण विचारल्याशिवाय ते तुम्हाला तरी कसं कळणार?

चुलीच्या धुराबद्दल सरकारलाही कळलं. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली ती बाईच्या छातीत जाणारा स्वयंपाकघरातला धूर थांबावा म्हणून. घरातली हवा हा बाईच्या आरोग्याचा प्रश्न आहे, असं सरकारने त्या वेळी जाहीरपणे मानलं. मग स्वयंपाकघरातून चार पावलं पुढे आलं की त्याच बाईच्या छातीत जाणारा दुसरा धूर कुणाच्याच यादीत का नसतो? पहिला धूर बाईच्या कामातून निघत होता, म्हणून तो काढता आला. दुसरा पुरुषाच्या सवयीतून निघतो आणि ती सवय त्याची खासगी बाब मानली जाते. मला यातला अन्याय सरळ दिसतो.

हे फार थोड्या घरांचं दुखणं असेल असं वाटत असेल, तर २०१६-१७चं जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षण बघा. आपल्या देशात ते मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं. घरात दुसऱ्याच्या धुराला सामोरे जाणाऱ्या प्रौढांचं प्रमाण त्यात ३८.७ टक्के निघालं. हे फक्त प्रौढ. रांगणारी आणि शाळेत जाणारी मुलं त्यात मोजलेलीच नाहीत. तुमच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसलेल्या माणसांवर हा आकडा लावून बघा, आणि त्यांच्यापैकी किती जणांना तुम्ही हा प्रश्न विचारलात तेही आठवून बघा.

शास्त्र तुम्हाला मी सांगावं असं नाही. पण जी बाजू मला सारखी टोचते ती सांगते. १९८१ साली ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकाने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची त्याने चौदा वर्षं नोंद ठेवली होती. ज्यांचे नवरे सिगारेट ओढत त्यांच्यात फुफ्फुसाचा कर्करोग जास्त आढळला. नवऱ्याच्या सिगारेटी वाढतील तसा बायकोचा धोका वाढत गेला आणि दिवसाला वीस किंवा त्याहून जास्त ओढणाऱ्यांच्या बायकांत तो जवळपास दुप्पट झाला. तंबाखू कंपन्यांनी या अभ्यासावर खूप चिखलफेक केली. पुढच्या अनेक देशांतल्या अभ्यासांनी तो खरा ठरवला. दुसऱ्याच्या धुराचं शास्त्र असं एकाच घरात राहणाऱ्या नवरा-बायकोपासून उभं राहिलं. ऑफिसं, हॉटेलं, विमानं सगळं नंतर आलं. आणि आज ऑफिसात बंदी आहे, विमानात बंदी आहे, फक्त जिथून सुरुवात झाली त्या घराबद्दल कुणी बोलत नाही.

तिसरी तक्रार सल्ल्याची आहे. एकदा मी धीर करून स्वतःच विषय काढला. उत्तर मिळालं, "खिडकीपाशी बसून ओढायला सांगा, पंखा चालू ठेवा." असा सल्ला कृपा करून देऊ नका. अमेरिकेच्या सर्जन जनरलने २००६ सालच्या अहवालात स्पष्ट लिहिलं आहे की दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी पातळीच नाही, आणि खोली वेगळी केल्याने, हवा खेळती ठेवल्याने किंवा यंत्राने शुद्ध केल्याने घरातला धोका संपत नाही. धूम्रपान न करणाऱ्याला हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो, हेही त्याच अहवालात आहे. पंखा धूर काढत नाही, घरभर नेतो. पण तुमच्या एका वाक्यामुळे आमच्या घरात पंखा लावून ओढलेली बिडी चालते असा नियमच झाला. आता मी काही म्हटलं की अण्णा पंख्याकडे बोट दाखवतात.

त्याला जोडूनच आणखी एक ऐकायला मिळालं, "सिगारेट नाही ना, बिडी आहे, पानाची." तेंदूच्या पानात तंबाखूच असतो, डॉक्टर. ते पान सिगारेटच्या कागदासारखं हवा आत घेत नाही, म्हणून बिडी विझू नये यासाठी झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात. हे तुम्ही जाणता. तरीही तुमच्या खुर्चीतून बिडीबद्दल नरमाईचा शब्द निघतो तेव्हा तो गावभर पोहोचतो. औषधाचं नाव लोक विसरतात, अशी वाक्यं विसरत नाहीत.

कुणी म्हणेल, कायदा आहे की. कायदा आहे आणि त्याला मुंबईचाही हातभार लागला आहे. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदी घालायला सांगितली, २००३ साली कायदा झाला, २ ऑक्टोबर २००८पासून नियम कडक झाले, दंड २०० रुपयांपर्यंत. अण्णा कायदा पाळणारे आहेत. खडवली स्टेशनच्या जिन्यावर पाय ठेवायच्या आधी ते बिडी विझवतात. अनोळखी प्रवाशांच्या छातीची काळजी घेतलेला हा माणूस घरी येऊन नातवाशेजारी बिडी पेटवतो, कारण कायदा दाराशी थांबतो. तो थांबावा हे मलाही पटतं. माझ्या सासऱ्यांना दंड व्हावा, पोलिसाने घरात यावं, असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. पण दाराच्या आत ज्याचा शब्द चालतो असा बाहेरचा माणूस एकच आहे आणि तो तुम्ही आहात.

इथे जरा सविस्तर लिहू द्या, कारण पत्र लिहायला बसले ते यासाठीच.

आमच्यासारख्या घरात सून सासऱ्याला "बाहेर जाऊन ओढा" म्हणू शकत नाही. कायद्याने म्हणू शकते, रीतीने नाही. म्हटलं तर "आता हिच्या घरात आम्हाला विचारून बसायचं का" असं होतं आणि विषय बिडीचा राहत नाही, घर कोणाचं यावर जातो. मुलगा बापाला म्हणू शकत नाही. म्हटलंच तर बायकोने शिकवलं असं ठरतं. सासूबाई तर उभ्या आयुष्यात म्हणाल्या नाहीत, आता काय म्हणणार? त्या खोकतात आणि पदर नाकाला लावतात, तीच त्यांची भाषा. म्हणजे धूर ज्यांच्या छातीत जातो त्यांच्यापैकी कुणालाच बोलायची सोय नाही.

पण याच घरात "डॉक्टरांनी सांगितलंय" हे चार माणसांत मान खाली न घालता म्हणता येणारं वाक्य आहे. त्या वाक्यावर अण्णांनी मीठ कमी केलं. लोणचं-पापड सोडलं, आणि ते किती आवडीने खायचे हे मला माहीत आहे. आषाढीचा उपास सोडला, जो त्यांनी आईच्या सांगण्यावरूनही सोडला नव्हता. सकाळी नदीपर्यंत चालायला लागले. हे सगळं मी सांगितलं असतं तर वर्षभर भांडण चाललं असतं. तुम्ही सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून झालं, कुणाचा अपमान झाला नाही, कुणी जिंकलं-हरलं नाही. डॉक्टरांच्या शब्दापुढे नमतं घेण्यात आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला कमीपणा वाटत नाही. तुमच्याकडे असलेल्या या अधिकाराचं मोल तुम्हाला पुरतं ठाऊक नाही, असं मला वाटतं. मिठासाठी तुम्ही तो वापरता आणि धुरासाठी वापरत नाही, हे माझं खरं दुःख आहे.

तुम्ही म्हणाल, बाहेर चाळीस पेशंट बसलेत, प्रवचन द्यायला वेळ कुठे? गर्दी मी बघते, ते खोटं नाही. पण प्रवचन लागतच नाही. लंडनमध्ये मायकेल रसेल आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली तुमच्यासारख्याच २८ फॅमिली डॉक्टरांच्या २,१३८ पेशंटवर हे करून बघितलं. एक-दोन मिनिटं सल्ला, एक पत्रक आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारीन एवढी सूचना. वर्षानंतर अशा पेशंटपैकी ५.१ टक्क्यांनी धूम्रपान सोडलेलं होतं. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्यात ०.३ टक्क्यांनी. शंभरात पाच म्हणजे थोडेच, हे कबूल. पण दिवसाला चाळीस पेशंट बघणाऱ्या डॉक्टरच्या वर्षभराच्या हिशेबात ती किती घरं होतात ते तुम्हीच मोजा. आपल्याकडे मात्र वर सांगितलेल्याच सर्वेक्षणात, दवाखान्यात गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्यांनाही सोडण्याचा सल्ला मिळालेला नव्हता.

शिवाय हा विषय तुमच्या पेशाला परका नाही. १९५१ साली डॉल आणि हिल या संशोधकांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच त्यांच्या सवयी विचारल्या, सुमारे चाळीस हजार डॉक्टरांनी उत्तरं दिली, आणि त्यांच्या जगण्या-मरण्याच्या नोंदीवरून सिगारेटचा धोका जगाला कळला. जगाच्या आधी त्या डॉक्टरांनी सिगारेटी टाकायला सुरुवात केली. तुमच्यापैकी जे दवाखान्यामागे उभं राहून ओढतात त्यांना एवढंच सांगते की पेशंटना ते दिसतं, आणि अण्णांसारखी माणसं ते लक्षात ठेवतात.

आता माझ्या विनंत्या.

मूल किंवा बाई खोकत आली की वीटभट्टी आणि कॉइलबरोबर घरातल्या बिडी-सिगारेटचाही प्रश्न विचारा आणि उत्तर केसपेपरवर लिहा. गरोदर बाईला तर पहिल्या भेटीतच विचारा. दुसऱ्याच्या धुराने बाळाचं वजन कमी भरतं हे तुम्हीच आम्हाला शिकवायचं आहे. जमलं तर तिला एकटीला विचारा. सासू किंवा नवरा शेजारी असेल तर ती "कुणी नाही" म्हणेल.

तिने नाव सांगितलं, तर "त्यांना सांगा बाहेर ओढायला" असं म्हणून ते काम तिच्यावर टाकू नका. त्यांनाच बोलवा. शुगर-बीपी तपासायला, गुडघे दाखवायला ते येतातच. त्या वेळी सांगा.

सांगताना सुरुवात सोडण्यापासून करू नका, हे माझं मत आहे. अण्णांच्या वयाच्या माणसाला "सोडा" म्हटलं की तो मनाने तिथून उठून जातो. आधी एवढंच सांगा: घरात नाही. खिडकीत नाही, गॅलरीत नाही, मोरीत नाही. जिना उतरून, दार लावून. गुडघे दुखतात म्हणतील. दिवसातून जितक्या वेळा जिना नकोसा होईल तितक्या बिड्या आपोआप कमी होतील. त्या कमी झाल्या की सोडण्याबद्दल बोला, आणि पुढच्या भेटीत आठवणीने विचारा. रागावू मात्र नका. चारचौघांत रागावलेला म्हातारा माणूस घरी येऊन दोन बिड्या जास्त ओढतो आणि पुन्हा तुमच्याकडे येत नाही.

सोडायची तयारी दाखवली तर तंबाखूमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर द्या, १८००-११-२३५६. पैसे लागत नाहीत. तो पाकिटावर छापलेला असतो हे खरं. पण महाराष्ट्रात सप्टेंबर २०२०पासून सुटी बिडी-सिगारेट विकायला बंदी असूनही स्टेशनबाहेर दोन-चार सुट्या घेणारेच जास्त दिसतात, त्यांच्या हातात पाकीट येतच नाही. तेव्हा तो नंबर तुमच्या भिंतीवर, औषध कंपन्यांच्या कॅलेंडरशेजारी, मोठ्या मराठी अक्षरांत लावा. निकोटीनचं च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतं, हे आमच्याकडच्या बहुतेक माणसांना माहीत नाही. कुणाला चालेल, कुणाला नाही, ते तुम्ही सांगा.

शेवटची विनंती सगळ्यात सोपी. तोंडी सांगितलेलं घरी पोहोचेपर्यंत बदलतं. म्हणून चिठ्ठीवर गोळ्यांच्या आधी, पहिल्या ओळीत, मराठीत लिहा: "घरात बिडी-सिगारेट ओढू नये." खाली सही करा, शिक्का मारा. आमच्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठ्या फ्रिजवर चुंबकाने लावलेल्या असतात, जाता-येता सगळे वाचतात. अण्णांच्या बीपीची तपासणी दिवाळीआधी आहे. मी त्यांच्याबरोबर येईन आणि बाहेर बाकावर बसेन. आत तुम्ही दोघंच असाल.



आपली नम्र,
एक सून
खडवली, ता. कल्याण, जि. ठाणे